शिखर जागेवर आहे

सोमवार, ३ मार्च

जमलं! दुपारभर शिखर जागचं हललं नाही.

किती दिवस छळत होतं. चाचणीच्या स्रोतातून येणारे एक्स-रे ठरलेल्या ऊर्जेचे, म्हणजे पडद्यावरच्या आलेखात त्यांचं शिखर ठरलेल्या जागीच उभं राहायला हवं. आमचं मात्र खोली तापली की डावीकडे सरकायचं. आता माझा प्रोग्रॅम त्याच्यावर पाळत ठेवतो. सरकलं की गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा करायचा ते, तेवढाच वाढवतो.

सगळ्यांनी पाठ थोपटली. आमच्या प्रमुख बाईंनी नाही. त्या चष्मा कपाळावर चढवून नुसत्या बघत राहिल्या. एक्स-रे मोजणारं हे यंत्र त्यांचं, पहिल्या आराखड्यापासून. शुक्रवारी यंत्राचा डबा सीलबंद होणार — मग आत कुणाचा हात जाणार नाही. आणि महिनाअखेर बाई निवृत्त.

मंगळवार, ४ मार्च

चहाच्या वेळी बाई एवढंच म्हणाल्या, "जागेवर आहे गं. पण जाड झालंय."

मी जागाच बघत बसले, रुंदी त्यांनी बघितली! शिखर सरकलंय हे प्रोग्रॅमला कळायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात आलेले एक्स-रेचे पल्स भलतीकडे पडतात आणि शिखर फुगतं. शेजारचं बारीक शिखर त्यात गडप. आम्हाला शोधायची आहेत ती नेमकी असली बारीक शिखरंच.

दुरुस्ती बंद कर म्हणाल्या, ते का सरकतं ते शोध. आणि मीटिंगला निघून गेल्या. अशी नजर मला कधी येणार?

बुधवार, ५ मार्च

घरचा हेअर ड्रायर ऑफिसात नेला. बोर्डावरचा एकेक भाग तापवायचा आणि शिखराकडे बघायचं. ड्रायरच्या तोंडाला कागदाची नळी लावायची, म्हणजे शेजारच्या भागाला झळ नको. ही बाईंचीच शिकवण.

घरी लेक ओल्या केसांनी फणफणत होती. नवरा म्हणाला, "डब्याला केस आलेत वाटतं."

अँप्लिफायर निर्दोष. कन्व्हर्टर निर्दोष. गेन ठरवणारा रेझिस्टर तेवढा राहिलाय. तो बाईंनी निवडलेला, म्हणून मी शेवटी ठेवला. खरं तर तपासायचाच नव्हता.

गुरुवार, ६ मार्च

तोच.

गरम वारा लागला की शिखर डावीकडे, वारा थांबला की परत. पुन्हापुन्हा करून पाहिलं. हवा होता तो रेझिस्टर तेव्हा बाजारात मिळेना, म्हणून बाईंनी हा बसवला होता.

बाईंना लगेच सांगायला हवं होतं. उलट प्रोग्रॅम पुन्हा चालू केला, जरा चलाख केला. शिखर थोडं सडपातळ झालंही. एवढ्यावर भागवावं का? सोल्डरिंग करताना माझा हात थरथरायचा तेव्हा त्यांनी मनगटाखाली आपला तळवा धरला होता. आता निरोपाच्या तोंडावर त्यांच्याच निवडीवर बोट ठेवू?

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, एवढी घाबरतेस त्यांना?

भीती नाही रे. माया आहे. ती जास्त अवघड.

शुक्रवार, ७ मार्च

सांगितलं. सकाळी, त्यांच्या टेबलापाशी उभी राहून. "बाई, गेनचा रेझिस्टर तापला की बदलतोय. तुम्ही घेतलेला."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "मग इथे काय करतेस? बदल जा."

ना राग, ना सबब! धावत स्टोअरमध्ये गेले. तिथल्या काकांनी तेव्हा न मिळालेला तोच रेझिस्टर हातात ठेवला. बसवला, ड्रायर धरला — शिखर जागेवर, आणि सुईसारखं बारीक. माझा प्रोग्रॅम बंद असताना! बाईंनी स्वतः झाकणाचा शेवटचा स्क्रू आवळला. आजवर इतक्या मोठ्या मनाची बाई मी पाहिली नाही.

सोमवार, १० मार्च

स्टोअरच्या काकांचे आभार मानले. ऐन वेळी बरा सापडला तुम्हाला, म्हटलं.

"सापडायचा कसला? मागच्या सोमवारीच बाईंनी बाहेर काढून ठेवायला लावला होता. म्हणाल्या, ती येईल मागायला. शुक्रवारी दुपारपर्यंत नाही आली, तर मी येते."