घरघर, चिरचिर आणि आईचं गाणं

४ फेब्रुवारी

फसवलं! सरळसरळ फसवलं त्या दुकानदाराने. म्हणे, "मॅडम, ही यूएसबी केबल लावा, समोर बसून ऐकल्यासारखं वाटेल." करंगळीएवढी जाड, टोकांना सोन्याचा मुलामा. कॉम्प्युटरपासून नव्या अँप्लिफायरपर्यंत ओढली, आईचं गाणं लावलं — आणि काय? घर्रर्र! जुन्या केबलला होती तीच घरघर. वर माऊस हलवला की चिरचिर. आई गातेय आणि मागे कुणीतरी फोडणी देतंय!

आईला जाऊन वर्ष झालं. तिच्या कपाटात ही एकच कॅसेट निघाली, ती मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. तिचा आवाज मला स्वच्छ हवाय. फार मागतेय का मी?

आणि शेजारच्या खोलीतून बाबा — "दार लाव गं!"

५ फेब्रुवारी

काल झोपेपर्यंत डोकं तापलेलं होतं. केबलमुळे नाही, त्या "दार लाव"मुळे.

लहानपणी हेच. मी मागच्या खोलीत आजीपाशी, बाबांच्या आईपाशी, अभ्यासाला बसलेली असायची. पुढच्या खोलीत आई सूर लावायची, तेवढ्यात बाबांची पावलं, आणि धाडकन दार बंद. मग काही म्हणता काही ऐकू यायचं नाही. आजी सुपारीचं खांड तोंडात टाकून म्हणायची, "बरं केलं." मला त्या दोघांचाही इतका राग यायचा! आई गायला लागली की या माणसाने कधी "वा" म्हटलेलं मला आठवत नाही. दार तेवढं आठवतं.

आता ते माझ्याकडे राहतात. औषधं वेळेवर देते, जेवण गरम वाढते. बोलते मात्र कामापुरतं.

७ फेब्रुवारी

लेकीचा फोन. "आई, तू कुठल्या जमान्यात आहेस? वायर कशाला? ब्लूटूथ लाव!"

लावलं. घरघर गेली खरी. मी खूश. आणि ऐन तानेत आई अडखळली! पुन्हा सुरू, पुन्हा अडखळली. जाऊन बघते तर बाबांनी दूध मायक्रोवेव्हमध्ये ठेवलेलं. मायक्रोवेव्ह चालू झाला की आई बंद!

आईच्या गाण्याला आडवं यायचं या माणसाने ठरवूनच ठेवलंय. दुधाचा कप त्यांच्यापुढे आपटला.

८ फेब्रुवारी

दुकानदाराशी भांडून आले. "घरघर का येते ते सांगा," म्हटलं. तर म्हणतो, "तुमच्या घरची वीजच खराब असणार, मॅडम." माझ्या घरची! मग लगेच, "त्यापेक्षा भारीतली एक केबल आलीये..."

चालती झाले. त्याचं तोंड बघायची इच्छा नव्हती.

९ फेब्रुवारी

सापडलं! माझं मलाच सापडलं.

गाणं बंद केलं, तरी घरघर चालूच. अँप्लिफायरच्या मागून यूएसबी उपटली — चिडीचूप. परत खोचली — घर्रर्र. म्हणजे गाण्याबरोबर कॉम्प्युटरच्या पोटातली विजेची खरखरही त्याच तारेतून पलीकडे जातेय. तार सोन्याची असली तरी वीज जाणारच ना तिच्यातून!

मग वीज जाणारच नाही अशी जोडणी हवी. कॉम्प्युटरच्या मागे एक इवलंसं भोक आहे, आत लाल उजेड. ऑप्टिकल म्हणतात त्याला. त्यातून नुसता उजेड जातो. अँप्लिफायरलाही तसंच भोक आहे, पहिल्या दिवसापासून! मग सांगितलं का नाही त्या गृहस्थाने? कारण ती केबल स्वस्त मिळते. दुसरं काय!

११ फेब्रुवारी

ऑप्टिकल केबल आणली. लावली. मुकी! ना घरघर, ना आई. काहीच नाही.

तशीच तणतणत दुकानात गेले, केबल काउंटरवर आपटली. "खराब माल देता!" दुकानदाराने केबल उचलली, दोन्ही टोकांवरची पारदर्शक प्लास्टिकची टोपणं काढली आणि माझ्या हातावर ठेवली. टोपणांमुळे टोकं भोकात नीट बसलीच नव्हती, मेली! मागच्या दोन गिऱ्हाइकांना हसू आवरेना.

मी दिवसभर दातांच्या कवळ्या बनवते. केसाएवढी फट असली तरी मला दिसते. आणि ही टोपणं दिसली नाहीत! पण मी म्हणते, पारदर्शक करायचीच कशाला? लाल करा, हिरवी करा!

घरी येऊन तोंड धुतलं आणि सरळ झोपले.

१२ फेब्रुवारी

आज लावली. शांत. इतकी शांत की चालू आहे का ते दोनदा बघितलं.

एरवी मी सुरुवातीचा भाग पुढे ढकलते, तिथे नुसती घरघर असायची. आज घरघर खरंच गेली का ते ऐकायला अगदी पहिल्यापासून लावलं.

पावलं. दार लागल्याचा आवाज. कडी. खुर्ची ओढल्याचा आवाज. आणि मग अगदी जवळून, हळूच, बाबा. तरुण बाबा!

"लावलं दार. आईला नाही ऐकू जायचं. तू गा आता."

आई हसली. आणि गायला लागली.

पुन्हा लावलं. पुन्हा. ते दार लावून बाहेर जात नव्हते. आत बसत होते! पहिली तान संपली तिथे "वा" सुद्धा आहे, इतक्या दिवसांत मला कधी ऐकूच आला नव्हता.

मग बोलले का नाहीत? माझा राग दिसत नव्हता का? आजीला सुनेचं गाणं खपत नव्हतं हे सांगितलं तर स्वतःच्या आईचं नाव खराब होईल म्हणून? काय माणूस आहे हा! रडू येतंय आणि चीडही तेवढीच येतेय.

१३ फेब्रुवारी

सकाळी हाक मारली, "बाबा, या. आईचं गाणं लावतेय."

आले. आधी दार लावलं, कडी घातली, मग बसले.

"आता कुणाला ऐकू जाणारे, बाबा? आजीला जाऊन किती वर्षं झाली!"

"असू दे," म्हणाले. "दार लावल्याशिवाय ती सुरू करायची नाही."