मेलेला पत्ता गड्डीच्या खाली

बाबा, तुमचा टिनाचा डबा घेऊन मी एका स्पर्धेत गेली होती अन् हरून आली. साधी हरली नाही, सगळ्यांत खालचा नंबर लावून आली. हे सांगायले दुसरं कोणी नाही म्हणून तुम्हाले लिहून राहिली. तुम्ही गेले तेव्हा मी दहावीत होती. आता केसांत पांढरे आले, तेलीबांध्याच्या एका दाताच्या दवाखान्यात समोरच्या टेबलवर बसते, आल्या-गेल्याले "दर्द कब से है" विचारते. लग्नाचं जाऊ द्या. तो विषय आई रोज काढते, तेवढा बस आहे.

दवाखान्याच्या बाजूले एक कॅफे उघडला. काचेतून आतले टेबल दिसतात. एका शनिवारी मी बीरगांवच्या ऑटोसाठी रस्ता ओलांडून राहिली होती अन् आत कॉलेजचे पोट्टे पत्ते खेळताना दिसले. पत्त्यांच्या पाठीवर निळा भोवरा, मधात लाल ठिपका. बापा! आपल्या डब्यातलाच पत्ता. मी रस्त्याच्या मधातच उभी राहिली. ऑटोवाला ओरडला, "मरना है क्या दीदी?" इतकी वर्षं मले वाटत होतं की हा खेळ जगात फक्त आपल्याच घरी आहे.

डबा कुठून आला ते तुम्ही शंभरदा सांगतलं असेल, मी कधी नीट ऐकलं नाही. सिलतऱ्याच्या कारखान्यात तुम्ही भंगाराच्या यार्डात होते. बाहेरदेशातून भंगाराचे गठ्ठे यायचे अन् भट्टीत जायच्या आधी तुम्ही लोक त्यातून रबर, लाकूड, बंद डबे वेगळे काढत होते. बंद डबा भट्टीत गेला की फुटतो. अशाच एका गठ्ठ्यात हा चेपलेला बिस्किटाचा डबा निघाला. आत चित्रांचे पत्ते अन् घडी घातलेला एक इंग्रजी कागद. तुम्ही तो शर्टात लपवून घरी आणला अन् माझ्यासमोर ठेवला. "तुयासाठी विलायतेहून आलं, पोट्टे," म्हणाले. पत्त्यांले तेलाचा वास होता. आई म्हणाली, भंगार ते भंगार, त्यात घरात आणखी एक.

मग थोड्याच दिवसांत तसाच एक गठ्ठा तुमच्या कमरेवर कोसळला अन् तुम्ही घरी बसले. माझी शाळा सकाळची. आई दुसऱ्या शाळेत पोरांचं जेवण रांधायले जायची, ती येईस्तोवर घरात आपण दोघंच. मी दप्तर टाकते, तुम्ही खाटेवर उशी पाठीशी घेऊन बसलेले आहात, मधात चादर सारखी करून ठेवली आहे. "हात धू आधी," तुम्ही म्हणता. आपल्याकडे दोरीवरच्या कपड्यांवरही कारखान्यांची काळी भुकटी बसते, पत्त्यांवर तिचे डाग पडायले नको. मग चिंचोके वाटायचे. ज्याचे चिंचोके संपले तो हरला. एकानं हल्ला करायचा, दुसऱ्यानं आपला पत्ता टाकून अडवायचा. इंग्रजी नावं ना तुम्हाले वाचता येत होती ना मले, म्हणून पाठीवर शेवाळ असलेलं ते मोठं कासव म्हणजे म्हातारा, दोन मुंडक्यांची कोंबडी म्हणजे भांडकुदळ काकू, अन् चिलखतवाला म्हणजे बिनडोक्याचा हवालदार. हवालदार कधीच काही कामाचा नव्हता. तरी तुम्ही त्याले गड्डीतून काढत नव्हते. "राहू दे, त्याचं बी पोट आहे," म्हणायचे.

अन् आपल्या घरचा तो नियम. लढाईत मेलेला पत्ता गड्डीच्या खाली सरकवायचा. "मेलेलं खाली जाते, आपल्या पाळीनं वर येते. मेल्याचं भेव नोको धरू." म्हातारा मरायचा, खाली जायचा, अर्ध्या तासानं पुन्हा हजर. डाव संपता संपत नव्हता. दुपार कलायची, गल्लीतल्या पोट्ट्या दारातून हाक मारून निघून जायच्या, अन् आपण खेळूनच राहिलो. एकदा मले लंगडी खेळायले जायचं होतं. मी अडवणंच सोडलं, तुमचे हल्ले अंगावर घेतले, चिंचोके भराभर दिले अन् चप्पल शोधायले लागली. तुम्ही मले कधी बोट लावलं नाही, आवाज चढवला नाही. त्या दिवशीही चढवला नाही. पत्ते गोळा करता करता म्हणाले, "उठायचं असन तं सांगून उठ. हरून नोको उठू." मी हव म्हटलं अन् पळाली. तुमच्याकडून ऐकलेलं रागाचं बोलणं मले एवढंच आठवते.

आई घरी यायची तेव्हा तिच्या अंगाले वरणाचा अन् धुराचा वास असायचा. दारातच म्हणायची, "कुटले का पत्ते बाप-लेकीनं दिवसभर?" तिचं चूक नव्हतं. परातीभर पीठ मळून आलेली बाई, तिच्या पुढ्यात हा तमाशा. तुम्ही नुसते हसायचे. मग कंबर सुधारायच्या ऐवजी बिघडतच गेली, खाटेवरचं बसणं गेलं, पडून राहणं आलं, अन् एका थंडीत तुम्हीही गेले. त्यानंतर आईच्या तोंडी तुमच्याबद्दलचं एकच वाक्य उरलं. कोणीही पाहुणा येवो, विहारातल्या बाया येवोत, "शेवटचे वर्षं मातीत घातले त्यायनं. लेकरासारखे पत्ते खेळत बसले. कुठं चौकीदारी पाहिली नाही, कुठं बसून करायचं काम पाहिलं नाही." मी समोर बसून ऐकते. दर वेळी वाटते की उठून म्हणावं, मातीत नाही घातले, मले काहीतरी शिकवलं. पण काय शिकवलं? दाखवायले माझ्याजवळ काय आहे? म्हणून कॅफेच्या दारावर स्पर्धेचा कागद दिसला तेव्हा मी आत गेली, अन् नाव दिलं. एक डाव तरी तुमच्या पद्धतीनं जिंकायचा, अन् घरी येऊन आईले सांगायचं. बस्, एवढंच डोक्यात होतं.

काउंटरवरच्या पोट्ट्यानं विचारलं, "आंटी, बच्चे का नाम लिखूँ?" मी म्हटलं, "मेरा लिखो." तो गडबडला. "रूल तो मालूम है ना?" म्हणे. "तू पैदा नहीं हुआ था तब से खेल रही हूँ," मी सांगतलं. पाहा माझी मस्ती! त्यानं जुने पत्ते चालतील म्हणून सांगतलं, फक्त प्रत्येकाले प्लास्टिकची पिशवी पाहिजे. मी रात्रभर नाही, पण दोन संध्याकाळी बसून एकेका पत्त्याले पिशवी चढवली. हवालदारालेही.

रविवारी दुपारी समोर बसली एक कॉलेजची पोट्टी, नखांले काळं नेलपॉलिश, बोलायले गोड. आजूबाजूले सगळे तिच्याच वयाचे. सुरुवातीले बरं चाललं होतं. मी म्हाताऱ्याले पुढं केलं, तिनं त्याले मारलं, अन् माझ्या हातानं त्याले उचलून गड्डीखाली सरकवलं. मी काही विचार केलाच नाही, हात आपला आपणच गेला. ती थांबली. "दीदी, ये क्या किया?" मी म्हटलं, मर गया तो नीचे रखा. तिनं हात वर करून पंचाले बोलावलं. पंच म्हणजे दाढीवाला एक पोट्टा, समजदार होता. म्हणाला, "नहीं आंटी, मरा हुआ कार्ड अलग ढेर में जाता है. वो वापस नहीं आता." मी म्हटलं, आता है. तो म्हणाला, "कभी नहीं आता, आंटी. पहले दिन से यही रूल है." त्यानं म्हाताऱ्याले खालून काढून बाजूले ठेवलं अन् मले ताकीद दिली.

मी पुढं खेळत राहिली, पण माझं लक्ष त्या बाजूच्या ढिगाकडे. आपली सगळी गड्डीच तुम्ही मरून परत येणाऱ्या पत्त्यांची बांधलेली, बाबा. कच्चे पत्ते पुढं, ते मरतील, खालून वर येतील, तोवर समोरचा थकेल. इथं ते मरत गेले अन् मेलेलेच राहिले. दुसऱ्या पोट्ट्यासोबतच्या डावात हातानं पुन्हा तेच केलं. या वेळी पंचानं डाव त्याले देऊन टाकला. तिसरा डाव तर मी नियमानं खेळली, चहा थंड व्हायच्या आत संपला. शेवटी फळ्यावर माझं नाव सगळ्यांत खाली. गोड पोट्टी येऊन म्हणाली, "आपके कार्ड बहुत पुराने हैं दीदी, बेचोगे क्या?" मी डबा छातीशी धरून बाहेर आली.

ऑटोत मले तुमचा राग आला. खरा राग, बाबा. डोळ्यांतून पाणी येईल असा. तुम्हाले इंग्रजी येत नव्हतं तर कोणाले विचारायचं होतं! एक गोष्ट शिकवली माणसानं जिंदगीत, तीही चुकीची. आईचंच खरं निघालं, मातीत घातले. उरला एरियातल्या कारखान्यांजवळ ऑटो रेल्वे फाटकापाशी अडकला तेव्हा मी मनातल्या मनात तुम्हाले बह्याड म्हटलं. तुम्ही ऐकलं नसेल ते चांगलंच आहे.

घरी आई तांदूळ निवडत बसली होती. तिच्या गुडघ्यांनी आता जवाब दिला आहे, दिवसभर ती त्याच खिडकीशी असते. माझं तोंड पाहून म्हणाली, "काय झालं वं?" मी डबा ओट्यावर आदळला. सांगतलं सगळं. शेवटी म्हटलं, "तू म्हणते तेच खरं. त्याइले नियमसुद्धा माहीत नव्हता." आईनं ताटातला खडा वेचला, खिडकीबाहेर टाकला.

"माहीत होता," ती म्हणाली.

मी म्हटलं, कसा?

"काट्यावरचा बाबू नव्हता का, कारखान्यात गाड्या तोलणारा? तो आल्ता एका रविवारी. तू खेळायले गेल्ती. तो कागद त्यानं अख्खा वाचून दाखवला, मी इथंच चहा टाकून राहिली होती. मेलेला पत्ता बाजूले, वापस नाही, दहा मिनिटांत डाव खलास. तुये बाबा हव हव करत ऐकत होते. बाबू गेला अन् म्हणते कसे, हा नियम आपल्याले जमत नाही. मी म्हटलं, काहून? तं म्हणे, डाव संपला की पोट्टी उठून जाते."

ती पुन्हा तांदळाकडे वळली. थोड्या वेळानं ताट बाजूले केलं अन् म्हणाली, "मले तवा लय राग आला होता. मी मरमर करून राहिली अन् याइले पोट्टी उठून जायचं दुःख." मी ओट्याले टेकून उभीच होती, कपडे बदलायचंही सुचलं नाही. तुम्ही दिवसभर त्या खाटेवर कसे काढत असाल, आम्ही दोघी घराबाहेर असताना, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मी आली की चादर सारखी केलेलीच असायची. ती तुम्ही त्या कमरेनं कधी सारखी करत होते, ते मी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यातून आली तर आई खिडकीशी बसलेली, मांडीवर डबा उघडा. म्हणाली, "मले शिकव." मी म्हटलं, कोणत्या नियमानं? ती माझ्याकडे अशी पाहायले लागली की जसं मी काही येड्यासारखं विचारलं. "तुया बापाच्या," म्हणाली. शेजारणीकडून चिंचोके तिनं आधीच मागवून ठेवले होते.

आता रोज संध्याकाळी खेळतो आम्ही. आई चांगली खेळते, तुमच्यापेक्षा चांगली, अन् अंचई पण करते, हळूच चिंचोके लपवते. म्हाताऱ्याले ती "हे" म्हणते, तुम्हाले म्हणायची तसं. "हे खाली गेले, येतीन आपल्या पाळीनं." पाहुण्यांजवळ ते मातीचं वाक्य अजून बोलते, पण मध्येच सोडून देते. मी येईस्तोवर ती चादर सारखी करून बसलेली असते, बाबा.

हे तुम्हाले पोचणार नाही ते मले माहीत आहे. डब्यातही ठेवणार नाही, डबा आता आई उघडते, अन् तिले वाचता येते. काल मी थकून आली होती. दवाखान्यात गर्दी होती, डोकं दुखत होतं, मोबाइलवर कोणाचा मेसेज येऊन पडला होता. डाव लांबून राहिला होता. माझे दोन चिंचोके उरले होते. आईनं हल्ला केला. अडवायले हवालदार माझ्या हातात होता, पहिल्यांदा कामी आला असता. मी त्याले टाकला नाही. म्हटलं, हरली बापा मी, अन् उठली. आईनं पत्ते गोळा करून डब्यात ठेवले. हरून नोको उठू, हे तुमचं वाक्य तिले माहीत नाही. मले माहीत होतं.