शब्दकोशांचं गाठोडं

ब्रह्मा घाट, काशी
९ डिसेंबर १९६७

ती. प्रभावतीअक्कास वासुदेवाचा नमस्कार.

पत्र पोचलं. इथे थंडी मी मी म्हणते आहे. शरदिनीचे गुडघे कुरकुरतात, माझं तोंड तर बाराही महिने कुरकुरतं.

बकुळला सांग, तिची शंका रास्त आहे. इंग्रजीत माणसावर रागावलं तर ‘विथ’, गोष्टीवर रागावलं तर ‘ॲट’. आपण मराठीत दोन्हींवर नुसतं ‘वर’ रागावतो आणि आपलं भागतं. ‘कँडिडेट’ म्हणजे मुळात पांढऱ्या कपड्यांतला. रोमचे उमेदवार पांढरे झगे घालून मतं मागत, आपले खादी घालतात.

तुझ्या या नातीला दर नाताळात माझ्याकडे इंग्रजी शिकायला पाठवतेस, पण यंदा नको. थंडी आहे, शिवाय जिन्याचं काम निघालंय.

अक्का, जिन्याला काही झालेलं नाही. शिकवणीला आता कुणीच येत नाही. ‘अंग्रेजी हटाओ’वाल्या पोरांनी दारावरच्या माझ्या इंग्रजी पाटीला डांबर फासलं. त्या संध्याकाळी शरदिनी आमच्या चिरंजीवांचे, ढुंढिराजांचे, हात रॉकेलने चोळत बसली होती. तोच म्हणाला, “बाबा, हम आपके खिलाफ थोड़े ही हैं, अंग्रेजी के खिलाफ हैं.”

“अरे, पण तुझ्या ताटातली पोळी कशाची आहे?”

शब्दांच्या छटा वेगळ्या करून दाखवणं हा माझा धंदा, पण इंग्रजी वेगळी काढली तर माझ्यात काय उरतं, ते मला सांगता येईना.

काल म्हणाला, “कल दशाश्वमेध पर किताबें जलेंगी. आप खुद दे दीजिए, नहीं तो लड़के घर में घुसेंगे.” मग हळूच, मराठीत, “आई घाबरेल.”

मला राग यायला हवा होता, पण नुसती भीती वाटली. पुस्तकं राखली तर पोरगा हातचा जातो. इकडे आड, तिकडे विहीर.

आज सकाळी सगळे शब्दकोश जुन्या धोतरात बांधले. गाठ मीच मारली, त्याची सुटत होती. ओझं त्याला एकट्याला पेलेना, म्हणून गल्लीच्या तोंडापर्यंत दुसरं टोक मी धरलं. तिथे तो म्हणाला, “बाबा, जा आता. दम लागलाय तुम्हाला.” मी परत आलो.

बकुळला पाठवू नकोस. तूच ये.

तुझा
वासुदेव