पानफुटीची पोरं

मुलुंड, रविवार, १२ ऑगस्ट १९८४

डोकं अजून तापलंय. वन्संनी गॅलरीतलं पानफुटीचं गळलेलं, कडेनं इवली रोपं फुटलेलं पान उचललं आणि माझ्या सुनेला म्हणाल्या, "बघ गं नंदा, पडल्या पानालाही पोरं होतात!" नंदा कसनुसं हसून आत गेली.

पोरं कसली ती? कॉन्व्हेंटात सिस्टर किती मायेनं समजावायच्या. पालीला शेपटी परत फुटते, ती दुरुस्ती. अंड्यातून पिल्लू निघतं, ते जनन. पानफुटीत दोन्ही एकच. पान एकटंच स्वतःतून पुन्हा उगवतं.

माणसाला दोघं लागतात. तरी मूल होत नाही म्हणून तपासण्या सगळ्या नंदाच्याच. सुहासला विचारलं, तर म्हणतो, "आई, मला काय झालंय?"

तेच तर कुणी बघितलं नाही ना, बाळा! उद्या मीच नेते तुला डॉक्टरकडे.