साहेबांसाठी राखलेलं गवत

३ जुलै
मंजुरी अडली! आमच्या तण-निर्मूलन संस्थेचे सगळे सभासद घाम गाळून आपापल्या रानातलं गाजरगवत उपटत होते, आणि आज कार्यालयातून निरोप — अनुदान हवं तर साहेब आधी गवत उभं बघणार. चुलतभाऊ म्हणाला, "पेशंट बरा झाला, आता विमा कोण देतो?" हसलो सगळे. पण अनुदान नाही तर कालव्याकाठचं गवत उपटायला मजूर नाहीत, आणि तिथलं बी उडालं की साफ केलेली रानं पुन्हा पांढरी.

तोडगा मीच काढला. माझ्या घरामागचा तुकडा उपटायचा राहिलाय. तोच राखायचा, साहेब येईपर्यंत. "अध्यक्ष, डोकं आहे तुम्हाला!" — आमचा चिटणीस. असणारच. पंक्चर काढता काढता पंपांच्या दुकानापर्यंत आलोय, ते काय पायांनी?

५ जुलै
हिला सांगितलं. "माझ्या दम्याला विचारलंत?" मी म्हटलं, फुलायच्या आत साहेब येऊन जातील. "साहेब आणि वेळेत!" एवढंच म्हणाली आणि मागची खिडकी लावून घेतली.

११ जुलै
आले नाहीत. गाडी नाही म्हणे.

१६ जुलै
कार्यालयात जाऊन आलो. साहेब मीटिंगला. शिपाई ओळखीचा निघाला, त्याच्या मेव्हण्याची मोटर मी दुरुस्त केली होती. हळूच म्हणाला, "पुढच्या आठवड्यात नक्की. पण मी सांगितलं म्हणू नका."

घरी येऊन बघतो तर कळ्या. आमचा साधा नियम — कळी दिसली की उपटायचं. सगळ्यांना मीच शिकवला. आज तिथं उभा राहिलो, हात मागे बांधून.

२२ जुलै
फुललं. लांबून राख सांडल्यासारखं दिसतं.

मोटरचं बेअरिंग गेलंय हे मी दुकानाच्या दारातूनच आवाजावरून सांगतो. हिच्या छातीत शिट्टी वाजतेय. भिंतीपलीकडून ऐकू येते. विळा घेऊन निघालो, तर हिनेच अडवलं. "एवढं सोसलं ते काय वाया घालवायला? दोन दिवस काढते मी. ठेवा तो विळा." बोलताना मध्ये दोनदा थांबली.

ठेवला. मी विळा ठेवला!

२५ जुलै
साहेब आले. नाकाला रुमाल. "छान. म्हणजे — भयंकर आहे हो!" चार फोटो काढले, गाडीत बसले. चिटणीस चहाचा आग्रह करत होता. चहा करणार कोण? पहाटेच हिला दवाखान्यात नेलं. ऑक्सिजन लावलाय. लेक तिथं बसलीय. तिचा फोन आला — "झाली का बाबा, पाहणी?" मी हो म्हणालो. तिने फोन ठेवला.

२ ऑगस्ट
मंजूर झालं! चुलतभावाने सगळ्यांसमोर मिठी मारली. आणि लगेच — "दादा, ही पाहणी दरवर्षी असते म्हणे. पुढच्या खेपेलाही एक तुकडा राखू. तुमचाच बरा, रस्त्याला लागून आहे." माना डोलल्या. मी नाही म्हणणार होतो. तोंडातून निघालं, "बघू."

ही अजून दवाखान्यातच. संध्याकाळी एकट्याने तुकडा उपटला. उपटायचं काय, काड्याच. बी केव्हाच उडून गेलंय.

४ ऑगस्ट
दुपारी आडवा झालो होतो. तीच शिट्टी ऐकू आली. ही घरी आली की काय म्हणून उठलो — घर रिकामं. पंखा बंद केला. भिंतीला कान लावला. थांबेना. मग श्वास रोखून धरला.

थांबली.