तुमच्या पुढे टाकलेला बॉल

बाबा,

आज शनिवार, आणि माझे दोन्ही गुडघे बोलतायत. सकाळपासून चिखलात उभा होतो. युनिव्हर्सिटीच्या पोरांना अमेरिकन फुटबॉल शिकवतो, फुकट, आठवडाभर ऑफिसात डोकं उठवून घेतल्यावर. बायको म्हणते, "कोणी सांगितलंय तुला?" खरंच कोणी सांगितलेलं नाही. आमचा नवा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा गडी, ताकदीला भरपूर, पण नेमाच्या नावानं बोंब. प्रत्येक बॉल पळणाऱ्याच्या पाठीमागे. त्याला सांगून सांगून घसा बसला, आणि घरी येऊन चहा घेताना तुमची इतकी आठवण आली की लिहायलाच बसलो. मराठी लिहायची सवय गेलीय, चुका पोटात घाला.

नॉटिंगहॅमला घरी राहून युनिव्हर्सिटीत सेकंड इयरला होतो तेव्हा माझंही हेच रडगाणं होतं. ख्रिसमसपर्यंत नेम सुधारला नाही तर क्वार्टरबॅकची जागा दुसऱ्याला देईन, असं कोचनं तोंडावर सांगितलं होतं. त्या जागेशिवाय माझ्याकडे होतं काय? अभ्यासात जेमतेम तरत होतो. तुम्ही आठवडाभर हॉस्पिटलात लोकांना भूल द्यायचात आणि रविवारी स्वतः भूल दिल्यासारखे झोपायचात. जेवताना मी भीत भीत विषय काढला. वाटलं, म्हणाल, चांगलं क्रिकेट सोडून हे काय काढलंस. तुम्ही भातावर वरण घेत एवढंच विचारलंत, "तू फेकतोस, मग पकडायला कोण असतं?" आणि रविवारी मफलर गुंडाळून, वॉर्डात घालायच्या बुटांवर, पार्कात हजर.

तुम्ही पोट सांभाळत पळताय. मी तो नारळाएवढा बॉल तुम्ही आहात तिथे फेकतोय, आणि तो पोचेपर्यंत तुम्ही पुढे गेलेले. पुन्हा तेच, पुन्हा तेच. शेवटी कंबरेवर हात ठेवून तुम्ही म्हणालात, "हातात द्यायला बघतोयस तू." आणि खरंच की हो. आपल्या घरात मोठ्या माणसाकडे वस्तू फेकायची नाही, उठून हातात नेऊन द्यायची. लहानपणी मी सोफ्यावरून तुमच्याकडे टीव्हीचा रिमोट भिरकावला तेव्हा आईनं पाठीत धपाटा घातला होता. मी मैदानातही प्रत्येकाला बसल्या जागी आणून दिल्यासारखा बॉल देत होतो, कुणाला म्हणून पळवत नव्हतो.

"आत्ता मी तुझा बाप नाही," तुम्ही म्हणालात. "मला पळव. मी नाहीये तिथे टाक."

"पडाल हो, बाबा."

"पडलो तर उठेन. टाक तू."

टाकला, तुमच्या पुढे, मोकळ्या गवतावर. तुम्ही धडपडत गेलात आणि छातीशी कवटाळलात. हसलाबिसला नाहीत. धापा टाकत म्हणालात, "हं. परत."

मग दर रविवारी आपण जायला लागलो. दमल्यावर बाकावर बसून थर्मासमधला चहा. तिथे तुम्ही नागपूरच्या होस्टेलचे किस्से सांगायचात, आजोबांना किती घाबरायचात ते सांगायचात. घरी कधी ऐकलं नव्हतं यातलं काही. घरी तुम्ही थकलेलेच असायचात, आणि आता मला कळतंय किती ते.

ख्रिसमसच्या आधी कोचनं जागा माझ्याकडेच ठेवली. आईनं शिरा केला. तुम्ही पाटावर बसल्यासारखे ऐसपैस बसून म्हणालात, "चला, सुटलो बुवा. आता रविवारी झोपतो." थट्टेत म्हणालात, पण झोपलात खरंच. हक्काची झोप होती तुमची, मी काय बोलणार? पुढे नोकरीसाठी मी साउथहॅम्प्टनला आलो, आपलं बोलणं फोनवर "जेवलास का"पुरतं उरलं, आणि मग तुम्ही गेलात.

हे कुठे पाठवायचं नाहीच, तेव्हा सांगून टाकतो. हा खेळ मला कधीच फारसा आवडला नाही. जागा पक्की झाली त्या दिवशी तुमच्यासमोर बसलो होतो तेव्हा अगदी ओठांवर आलं होतं, बाबा, मला अजून नीट जमत नाही, पुढच्या रविवारी या ना. पण तोवर मला जमायला लागलं होतं.