विटांवरची गाडी

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समज. उजवा गुडघा संपावर गेल्यापासून माझी सातच अंगं कामावर येतात.) तुझं डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि पेपरातल्या निधनवार्ता आता भिंगाशिवाय वाचता येतात, हे कळून बरं वाटलं. त्यात ओळखीचं कुणी नसलं की तुला दिवस फुकट गेल्यासारखं होतं, हे मला ठाऊक आहे. फोनच करणार होते, पण तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, आणि आपल्या घरात ओरडून बोललेलं सगळं बाबांना ऐकू जातं. (हळू बोललेलंही जातं, ते सोड.) आत्ता ते दुपारचे आडवे झाले आहेत, तेवढ्यात लिहून काढते.

बाबांची तब्येत ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते की ठीक आहे. गाडीची नाही. गाडी म्हणजे तीच निळी, बाबांनी रिटायर झाल्यावर दातांच्या डॉक्टरांकडून सेकंडहँड घेतलेली. तू तिच्यात एकदाच बसलीस आणि ‘हिच्यात बसलं की दाढ दुखायला लागते’ म्हणालीस. गेल्या महिन्यात बेकरीच्या कोपऱ्यावर तिची डावीकडची दोन्ही चाकं फुटपाथच्या दगडावर आपटली. बाबांच्या मते दगड पुढे आला होता. (पालिकेला द्यायचा तक्रारअर्ज तयार आहे. त्यात दगडाची उंची मिलिमीटरमध्ये दिली आहे.) मेकॅनिकने चाकं काढली, उन्हात धरून पाहिली आणि रिमांना पडलेल्या चिरा दाखवल्या. चारही चाकं बदला म्हणाला. या चाकांवर गाडी चालवायची म्हणजे मरायलाच निघायचं, असंही म्हणाला. बाबांनी विचारलं, “किती स्पीडला?”

तेव्हापासून गाडी अंगणात विटांवर उभी आहे आणि आम्ही दर रविवारी चाकं बघायला जातो. लग्नाच्या मुलीसाठी स्थळं बघावीत तशी. (माझ्यासाठी इतक्या हौसेने कुणी फिरलं नव्हतं, हे सहज आठवलं म्हणून लिहिलं. राग नाही.)

पहिलं दुकान नव्या चाकांचं, एसी आणि काचेचं. भिंतीवर स्पर्धेत जिंकलेल्या ढालींसारखी चाकं टांगलेली. टाय लावलेला सेल्समन पुढे आला आणि साहेबांना लुक कसा हवा म्हणून विचारलं. बाबा म्हणाले, “गोल.” मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर कॅलिपर काढला, आणि मी दोन पावलं दाराकडे सरकले. चौतीस वर्षं वजनमापं तपासायची सरकारी नोकरी केलेला माणूस, आत्या! ज्याच्या नुसत्या पावलांच्या आवाजाने बाजारातले तराजू सरळ व्हायचे! चाकाच्या मधलं भोक त्यांनी तीनदा मोजलं आणि ते अर्धा मिलिमीटर मोठं निघालं. तिथे बारीक रिंग टाकली की फिट बसतं, असं सेल्समन म्हणाला. झालं. काट्याखाली चिंच चिकटवून पाव किलो कमी देणारेही असंच म्हणायचे, हे बाबांनी त्याला अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, आणि लायसन मागितलं. दुकानाला सील ठोकतो म्हणाले. मॅनेजरने आधी पाणी आणलं, मग खुर्ची आणली, आणि शेवटी आमच्यासाठी टॅक्सी बोलावली. टॅक्सीत बाबांनी मला विचारलं की माझं सील कुठे ठेवलंस. ते अकरा वर्षांपूर्वीच ऑफिसात जमा केलंत, म्हणाले मी. “हो, हो,” म्हणाले, आणि कॅलिपर पुन्हा रुमालात गुंडाळला.

दुसऱ्या रविवारी भंगाराच्या वाड्यात गेलो. मेलेल्या गाड्या एकावर एक रचलेल्या, दारं एकीकडे, सीटा दुसरीकडे. मालकीण म्हणजे एक ठणठणीत बाई, मोटारीच्या सीटवर बसून स्वेटर विणत होत्या. बाबांनी त्यांच्या वजनकाट्यावर स्वतःचं खिशातलं वजन ठेवून पाहिलं. (पितळी, दोनशे ग्रॅमचं. काही लोक खिशात देवाचा फोटो ठेवतात.) काटा तंतोतंत निघाला. इतके खूश मी त्यांना आई गेल्यापासून पाहिले नव्हते. बाईंकडे आपल्याच मॉडेलची चार चाकं होती. बाबांनी प्रत्येक चाक टांगून घेतलं, पेन्सिलीने टकटक केलं आणि कान लावून ऐकलं. चारही स्वच्छ वाजली, एकाही रिमला चीर नाही. मग त्यांनी सहज विचारलं, ती गाडी कशी आली इथे?

“मागून ट्रकने दाबली. चाकांना काही झालं नाही.”

“आणि माणसांना?”

बाईंनी सुईवरचे टाके मोजले. “चाकांना काही झालं नाही,” त्या पुन्हा म्हणाल्या.

आणि इथे, आत्या, मी माती खाल्ली. मांजर आडवं गेलं तर मांजरालाच आधी वाट देणारी मी, शाळेच्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं ॲसिडच्या बाटल्या पुसलेली, एकदम म्हणाले की ही चाकं अपशकुनी आहेत, नकोत. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग पेन्सिल खिशात ठेवली, बाईंना नमस्कार केला आणि बसस्टॉपच्या दिशेने चालू लागले. बसमध्ये आमच्यात एक रिकामी सीट होती. ती तशीच राहिली.

त्यानंतर घरबसल्या चाकं मागवायचं मी अंगावर घेतलं. आठ दिवसांनी चार मोठी खोकी आली. बाबांनी स्वतः, एखाद्या बाळाचं दुपटं सोडवावं तसं पुठ्ठा न फाडता पहिलं खोकं उघडलं. आपल्या गाडीच्या चाकाला चार नट लागतात. या चाकांना पाच भोकं होती. नंबर टाकताना माझ्याकडून चुकलं. त्यांनी भोकं मोजली, पुन्हा मोजली, आणि म्हणाले, “बाळ, चार आणि पाच यांत फरक असतो.” ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

आता ते रोज सकाळी दहाला इस्त्रीचा शर्ट घालून विटांवरच्या गाडीत जाऊन बसतात. पट्टा लावतात, आरसा पुसतात, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवतात. अकराला उतरतात. शेजारचे कंपाउंडर परवा कुंपणावरून म्हणाले, काय, कुठवर पोचलात? चांगलेच आहेत ते, थट्टेत म्हणाले. बाबा म्हणाले, “आज गर्दी होती.” कंपाउंडर हसले. मीही हसले. बाबा हसले नाहीत, आणि मला अजून कळलेलं नाही की तो विनोद होता की नाही.

असो. बाकी सर्व क्षेम. तुझ्या सुनेला नमस्कार, नातवंडांना पापे. गोळ्या वेळेवर घे. उद्या शाळेत जाताना हे पत्र टाकीन.

तुझी,
भाची

ता. क. १ : तुझ्या जुन्या चष्म्याची फ्रेम टाकू नकोस. मला अगदी तुझाच नंबर लागला आहे. म्हातारपण आपल्याकडे वारशाने येतं, बाकी काही येत नाही.

ता. क. २ : वर लिहिलेलं सगळं घडलं तसंच लिहिलं आहे, फक्त खरं नाही. दोनच चाकं बदलून भागलं असतं. चारही बदला असं मेकॅनिकला मीच सांगायला लावलं, आणि चारही काढून गाडी विटांवर ठेवायलाही. बिचारा आता मला पाहिलं की मान खाली घालतो. भंगारवाल्या बाईंकडे मी दुसऱ्या दिवशी एकटी जाऊन ती चार चाकं घेऊन आले, बाबांनी परत जाऊन ती आणू नयेत म्हणून. प्रयोगशाळेत सांगाड्याच्या मागे ठेवली आहेत. मुलांना वाटतं, कसला तरी प्रयोग आहे. आणि पाच भोकांची मी मुद्दाम मागवली. चार आणि पाच यांतला फरक मला कळतो, आत्या.

बेकरीच्या कोपऱ्यावर मी बाबांच्या शेजारी बसले होते. दगड पुढे आला नव्हता. गाडी फुटपाथवर चढली. तिथे छत्र्या दुरुस्त करणारे एक आजोबा बसतात. त्यांची पेटी चाकाखाली चेपली, छत्र्यांच्या काड्या रस्ताभर झाल्या. आजोबा मिनिटभरापूर्वी चहा प्यायला उठले होते. एक मिनिट. मी उतरून त्यांचे पाय धरले. बाबा गाडीतच बसून होते. घरी आल्यावर त्यांनी मला दगडाची उंची लिहून घ्यायला सांगितली. त्यांना पेटी आठवत नाही, आजोबा आठवत नाहीत.

मी किल्ली मागू शकत नाही. दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा चहा घेणार का विचारलं. ते फक्त तुझं ऐकतात. तू मोठी आहेस, लहानपणी त्यांचे कान तू पिळले आहेस. काहीतरी लिही त्यांना, की किल्ली पोरीकडे दे. मी असं सांगितलं, हे मात्र लिहू नकोस.

ता. क. ३ : अक्का, हे अक्षर माझं आहे. पोरगी आंघोळीला गेली आहे. पाकीट वाफेवर उघडलं. सील मोडल्याचं न कळता कसं काढायचं आणि परत कसं लावायचं, हे चौतीस वर्षांत शिकलो, तेवढंच हाताला अजून येतं.

चाकांचं मला माहीत होतं. मागच्या सोमवारी ती डबा विसरली म्हणून शाळेत गेलो, तेव्हा सांगाड्यामागे पाहिली. पेन्सिलीने वाजवली. तीच चार. मी बोललो नाही, कारण रविवारी तिच्याबरोबर फिरायला मिळतं, आणि बसमध्ये ती हल्ली मला खिडकीकडे बसवते.

छत्रीवाल्याचं मात्र आत्ता वाचलं. तीनदा वाचलं. मला अजूनही दगडच दिसतो. पण पोरीचं मोजमाप मी लहानपणापासून तपासत आलो आहे. ती चुकत नाही.

किल्ली या पाकिटात घातली आहे, दुसरी किल्ली नाही. पाकीट तिच्या हाती लागलं तर वजनावरून ओळखेल, म्हणून मीच चालत जाऊन टपालपेटीत टाकतो. किल्लीसकट चौतीस ग्रॅम भरलं. तिकिटं त्याप्रमाणे लावली आहेत. तिला काही कळवू नकोस. येत्या रविवारी आम्हाला पुलापलीकडचं एक दुकान बघायचं आहे.

आणि अक्का, मी ही किल्ली तुझ्याकडे मागेन. आज लिहिलेलं उद्या माझ्या लक्षात असेल याची खात्री देता येत नाही. फोन करीन, आवाज चढवीन, चोर म्हणीन. देऊ नकोस.